धंद्याचं काम म्हणून नाक मुरडू नका

टोरांटोच्या ताई,

तुमचे यजमान खानापूरला हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवायचे. आता गोदामात रात्रपाळी करतात, रंगांची पेटी उघडतही नाहीत. पुस्तकाच्या चित्रांचं आलेलं काम ‘ही कला नव्हे’ म्हणून नाकारलं. बेळगावला परत यावं का, असं तुम्ही विचारता. मी नको म्हणेन. पण काम नाकारलं, ते मला खटकलं.

आपल्या बेळगावचेच रवी परांजपे, जन्म 1935 चा. के. बी. कुलकर्णी सरांकडे शिकले, पुढे मुंबईत आणि नैरोबीत जाहिरातींसाठी चित्रं काढली. पोटासाठी ओढलेल्या रेषेनं त्यांचा हात बिघडला नाही, तयारच झाला. गोव्याचे चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा 1949 ला लंडनला गेले, नाव व्हायला 1955 उजाडलं. मधल्या वर्षांत संसाराला पत्नीच्या कमाईचा आधार होता. (नवरा म्हणून सूझांचा कित्ता गिरवू नये, एवढं सांगून ठेवते.) तुम्हीही घर ओढताय, तेव्हा किती वर्षं आणि किती पैसे, हे दोघांनी बसून कागदावर मांडा. न बोलता केलेला त्याग पुढे भांडणात निघतो.

कॅनडात सरकारी अनुदानावरच्या गॅलऱ्या चित्रं लावण्याचं मानधन देतात. कारफॅक ही कलाकारांची संघटना 1968 पासून त्यासाठी भांडत आली आहे. म्हणून ‘भिंतीचं भाडं भरा, प्रदर्शन लावतो’ म्हणणाऱ्याला एक डॉलरही देऊ नका. खासगी गॅलरी विक्रीतला निम्मा वाटा घेते, ती रीतच आहे. कलांना सरकारी पैसा देणाऱ्या कॅनडा कौन्सिलच्या अनुदानाला नागरिकत्व किंवा पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, लागतो. टोरांटो आर्ट्स कौन्सिलची नव्यानं आलेल्या कलाकारांसाठी मार्गदर्शन योजना आहे, तिच्या अटी आधी वाचा.

आणि काढायचं काय? मंडळाच्या गणपतीचा पडदा खुशाल रंगवावा. पण स्वतःच्या कागदावर ते गोदाम येऊ दे, तिथली रात्रीची माणसं येऊ देत. आपण सीमाभागातली माणसं, 1 नोव्हेंबर 1956 ला घरात बसल्या बसल्या आपलं राज्य बदललं. दारातली पाटी एका भाषेत, स्वयंपाकघर दुसऱ्या भाषेत, हे बघतच तुमचे यजमान वाढलेत. परकेपण त्यांना काही नवं नाही.

गावाकडचा ‘किती विकली वो?’ विचारणारा फोन तुम्हीच घ्या. आणि यजमानांना सांगा, पुस्तकवाल्यांना आजच पुन्हा विचारा, असली कामं फार दिवस थांबत नाहीत.