कायद्याच्या प्राध्यापकांनी सुप्रीम कोर्टाच्या निकालावर जाहीर टीका करणं हा कोर्टाचा अवमान नाही का? आणि अशा टीकेचा उपयोग काय? असा एक व्हिडिओ पाहून विचारतोय. आणि एवढं कळतं तर प्राध्यापकांनाच न्यायाधीश का करत नाहीत?

नाही, अवमान होत नाही. १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्याचं कलम ५ सरळ आहे. सुनावणी होऊन अखेरचा निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर रास्त टीका केली, तर तो गुन्हा नाही. यातले 'अखेरचा निकाल' आणि 'रास्त' हे दोन शब्द मात्र धरून ठेवा. निकाल बाजूला ठेवून न्यायाधीशांच्या हेतूवर घसरलात की मामला वेगळा. केरळचे मुख्यमंत्री असताना ई. एम. एस. नंबुद्रिपाद पत्रकार परिषदेत म्हणाले होते की न्यायाधीश वर्गद्वेषाने वागतात, अशा अर्थाचं काहीतरी. १९७० साली सुप्रीम कोर्टाने त्यांना दोषीच धरलं. दंड तेवढा हजारावरून पन्नास रुपयांवर आणला.

आता उपयोगाचं. मी सिंधुदुर्गात तालुका कोर्टात वकिली करतो. वाटपाचे दावे, कुळाची प्रकरणं, आंब्याच्या बागेतल्या वहिवाटीची भांडणं हे आमचं रोजचं बोर्ड, म्हणजे कोर्टात त्या दिवशी लागलेल्या प्रकरणांची यादी. दिल्ली लांब आहे, पण तिथे लागलेला निकाल महिनाभरात समोरच्या वकिलाच्या फायलीत झेरॉक्स होऊन येतो, म्हणून त्यावर कोण काय लिहितंय हे आम्ही वाचतो.

हे काम प्राध्यापकानेच का करायचं, याचं उत्तर कुठल्याही बाररूममध्ये मिळेल. चहाचा कप हातात असताना 'साहेबांनी कलम वाचलेलंच नाही' म्हणणारे आमचे ज्येष्ठ, शिपायाचा पुकारा ऐकला की गळ्यातला पांढरा बँड नीट करून आत जातात आणि 'न्यायालयाचं निरीक्षण अगदी योग्य आहे' अशी सुरुवात करतात. त्यांना दोष देत नाही, मीही तेच करतो. आम्हाला उद्या त्याच साहेबांपुढे उभं राहायचं असतं. न्यायाधीश एकमेकांवर बोलतात ते निकालपत्रातच. सरकार तर स्वतःच सगळ्यांत मोठा पक्षकार. राहता राहिला मास्तर, ज्याचं कुठलंही मॅटर बोर्डावर नसतं.

अशा टीकेचा आपल्याकडचा सर्वांत मोठा दाखला महाराष्ट्रातल्याच खटल्याचा आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. मथुरा प्रकरण म्हणून ते ओळखलं जातं. सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं. कारणं काय, तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं पटत नाही, आणि भीतीपोटी गप्प राहिली म्हणावं तर तशी भीती सिद्ध झालेली नाही.

निकाल लॉ रिपोर्टात छापून आला. तिथेच पडून राहिला असता. वर्षभराने, सप्टेंबर १९७९ मध्ये, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार शिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. तेव्हा त्या खुर्चीत यशवंतराव चंद्रचूड होते. पत्राची भाषा कडक आहे, पण मला त्यातली पद्धत जास्त आवडते. त्यांनी कोर्टाचीच वस्तुस्थिती घेतली आणि कोर्टापुढे ठेवली. पोलीस ठाणं, दार आतून बंद, दिवे मालवलेले, नातेवाईक बाहेर उभे, आणि आत एक कोवळ्या वयाची मुलगी. अशा ठिकाणी ती ओरडली नाही यावरून तिची संमती होती असं कसं म्हणता? संमतीत शरण जाणं येतं, पण शरण जाण्यात संमती असतेच असं नाही, हा त्या पत्राचा गाभा. तिची गरिबी, तिचं वय, कायद्याचं अज्ञान यांचा निकालात विचारच नाही, हेही त्यांनी मांडलं. आणि रात्रीच्या वेळी मुलीला ठाण्यात बोलावून थांबवून घेतलं, यावर पोलिसांना निषेधाचा एक शब्दही का नाही, असं विचारलं. न्यायाधीशांच्या हेतूबद्दल काही बोलायची त्यांना गरजच पडली नाही.

पुढे १९८० मध्ये महिला संघटना रस्त्यावर आल्या, विधी आयोगाने अहवाल दिला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पुरावा कायद्यात कलम ११४-अ आलं. कोठडीतल्या अत्याचारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने कोर्टात 'माझी संमती नव्हती' असं सांगितलं, की कोर्टाने संमती नव्हती असंच धरून चालायचं. नव्या साक्ष अधिनियमात हेच आता कलम १२० आहे. मथुराला मात्र यातलं काही मिळालं नाही. तिच्या प्रकरणातले पोलीस सुटले ते सुटलेच.

टीकेने पुढचा कायदा बदलतो, लागून गेलेला निकाल नाही. हा भाग लोकांना कळत नाही, म्हणून एक उदाहरण देतो. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकाश विरुद्ध फुलवती प्रकरणात म्हटलं की त्या दिवशी बाप हयात असेल तरच मुलीला हा हक्क. माझ्या एका अशिलाचे वडील २००१ मध्येच वारलेले. महाराष्ट्राने १९९४ मध्येच अशी दुरुस्ती केली होती, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. तिचं लग्न त्याआधीचं, त्यामुळे तोही दरवाजा बंद. खालच्या कोर्टात तिला वडिलांच्या हिश्शातला तुकडा मिळाला, भावाइतका वाटा नाही. त्या काळात अभ्यासक लिहीत होतेच, की हक्क जन्माने मिळतो असं कायदाच म्हणतो, तर बाप कधी वारला याचा संबंध काय? मुलाने मोबाईलवर दाखवलेलं असंच काहीतरी पाहून ती ऑफिसात आली. म्हणाली, "वकीलानू, ते मास्तर सांगतत निकाल चुकीचो आसा. मगे माका वाटो कित्याक नाय?"

मास्तर म्हणाले म्हणून हुकूमनामा बदलत नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. पण एवढी टीका होते आहे तर प्रश्न पुन्हा वर जाणार, असं वाटून ओरोसला जिल्हा कोर्टात अपील दाखल करून ठेवलं. ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने फुलवतीचा नियम रद्द केला. हक्क जन्माने, बाप हयात असण्याची अट नाही. तिचं अपील शिल्लक होतं म्हणून तिला फायदा झाला. दुसऱ्या एका बाईने मुदतीत अपीलच केलं नव्हतं. तिचा हुकूमनामा अंतिम झाला, त्याला आता कुणी हात लावू शकत नाही.

कधी कधी प्राध्यापकाचं म्हणणं थेट निकालातही शिरतं. डीट्रिश कॉनराड या जर्मन प्राध्यापकाने १९६५ मध्ये बनारसला व्याख्यान दिलं, की घटनादुरुस्तीच्या अधिकारालाही आतूनच मर्यादा असतात. संसद घटनेत वाटेल ती दुरुस्ती करू शकते असं सुप्रीम कोर्ट तेव्हा मानत होतं. घटनेचा मूळ ढाचा संसदेलाही मोडता येत नाही असं ठरवणाऱ्या १९७३ च्या केशवानंद भारती निकालात न्या. खन्नांनी कॉनराडचा नावानिशी आधार घेतला.

तुम्ही जो व्हिडिओ पाहून विचारताय, तसे आता ढिगाने येतात. अयोध्येचा २०१९ चा निकाल १,०४५ पानांचा होता. अशा निकालावर त्याच दुपारी कुणी 'सखोल विश्लेषण' करत असेल तर मी पुढे सरकतो. निकालातल्या परिच्छेदाचा क्रमांक सांगून बोलणारा मी ऐकतो. आणि आपल्या मताच्या बाजूने लागलेल्या निकालातलीही भोकं जो दाखवतो, त्याचे जुने लेखही शोधून वाचतो. ज्याला कोर्टाच्या प्रत्येक निकालात फक्त राजकारण दिसतं, तो कदाचित बरोबरही असेल, पण माझ्या युक्तिवादाला त्याचा उपयोग शून्य.

शेवटी तुम्ही असंही विचारलंय, की एवढं कळतं तर प्राध्यापकांनाच न्यायाधीश का करत नाहीत. राज्यघटनेत सोय आहे. कलम १२४(३) प्रमाणे राष्ट्रपतींच्या मते 'नामवंत विधिज्ञ' असलेल्या व्यक्तीला थेट सुप्रीम कोर्टात नेमता येतं, वकिलीची किंवा हायकोर्टाची अट नाही. १९५० पासून या वाटेने एकही नेमणूक झालेली नाही. आम्हा वकील मंडळींनी त्याबद्दल आजवर कुठे मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही.