फोडणी देऊन गरम केलेल्या शिळ्या भाताने उलट्या का होतात?

रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणी देऊन, चांगली वाफ आणून खाल्ला, तरी दोन तासांत उलट्या सुरू झाल्या, त्या कशामुळे, असे आपण विचारले आहे. अशा वेळी पहिला संशय बॅसिलस सेरियस या जिवाणूचा येतो. हा मातीत राहणारा जिवाणू टणक कवचाचे बीजाणू तयार करतो. तांदळाबरोबर घरात आलेले हे बीजाणू भाताला उकळी आली तरी मरत नाहीत, आणि पातेले रात्रभर ओट्यावर झाकून राहिले की त्या कोमट, ओलसर भातात रुजून भराभर वाढतात व सेरूलाइड नावाचे विष तयार करतात. खरी मेख इथेच आहे: हे विष १२१ अंश सेल्सिअसलाही टिकते, त्यामुळे फोडणीत जिवाणू मेले तरी विष तसेच राहते. भाताला वास आलेला नसला, तो चिकट झालेला नसला, तरीही!

उलट्या बहुधा दिवसभरात थांबतात. मात्र लहान मूल मलूल झाले किंवा त्याची लघवी कमी झाली, तर कृपया वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. उरलेला भात पसरट ताटात मोकळा करून निववावा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा.