वाचकांचे प्रश्न : पकड नसलेल्या हाताला जोड

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे आहेत. लकवा झाल्यापासून उजवा खांदा आणि कोपर हलतो, पण बोटांत चमचा टिकत नाही. कुणी भरवलेलं त्यांना आवडत नाही. काही साधन आहे का?
— एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : आधी त्यांच्या हातात लाटणं देऊन बघा. ते धरता आलं तर चमच्याचा दांडा जाड करणं पुरेसं आहे. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ती फोमची नळी दुरुस्तीवाल्याकडे तुकड्यात मिळते. ती दांड्यावर चढवून जाडी ३ सेंमीच्या आसपास आणा. गोंद लावू नका. उन्हाळ्यात तो सुटतो, फोम फिरतो आणि घास सांडतो. शिवाय फोम काढून धुता आला पाहिजे.

लाटणंही निसटत असेल, तर तळहाताचा पट्टा लागेल. दप्तरं शिवणारा कारागीर तो करून देईल. अंगठा सोडून तळहाताचा घेर मोजा, त्यात ८ ते १० सेंमी मिळवा आणि ४ सेंमी रुंदीची नायलॉनची पट्टी घ्या. तळहाताच्या बाजूला अडीच सेंमी रुंद, ७ सेंमी लांब खिसा शिवायचा. खिशाचं तोंड अंगठ्याकडे उघडं, करंगळीकडची बाजू बंद. वेल्क्रो हाताच्या पाठीवर येऊ द्या आणि टोकाला एक मोठी कडी शिवा, म्हणजे दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं ती ओढता येते.

सरळ चमचा या पट्ट्यात चालत नाही, कारण मनगट आत वळत नाही आणि घास गालाकडे जातो. पातळ स्टीलचा चमचा त्याच्या मानेपाशी, म्हणजे दांडा संपतो तिथे, डावीकडे, म्हणजे तोंडाच्या दिशेला वळवा. किती वळवायचा ते जेवता जेवताच ठरतं. ताट उभ्या काठाचं घ्या आणि खाली ओला फडका ठेवा. भाकरी येसरच्या आमटीत कुस्करून दिली की चमच्यात नीट बसते. मात्र पाणी किंवा पातळ आमटी पिताना ठसका लागत असेल, तर स्वतः जेवण्याचा आग्रह थांबवून आधी गिळण्याची तपासणी करून घ्या.

पहिल्या दिवशी पट्टा २० मिनिटांनी काढा. लाल वण अर्ध्या तासात गेला नाही, तर पट्टा घट्ट आहे. मूठ ताठ आवळलेली असेल तर बोटं ओढून पट्टा चढवू नका, फिजिओथेरपिस्टला दाखवा. कापूस वेचणीच्या दिवसांत वेल्क्रोत तंतू भरून तो चिकटेनासा होतो. जुन्या टूथब्रशनं आकडे मोकळे करा आणि धुताना वेल्क्रो बंद ठेवा.

प्रश्न : विहिरीत पडून भावाच्या मानेला मार लागला. मनगट वर उचलता येतं, बोटं हलत नाहीत. तळहाताच्या पट्ट्यात स्टायलस (पडद्यावर टेकवायचं पेन) अडकवला, पण मोबाइल दाद देत नाही.
— गेवराई (जि. बीड)

उत्तर : स्टायलस बिघडलेला नसावा. साधा स्टायलस शरीरातून विजेचा मार्ग मिळाला तरच चालतो, आणि नायलॉनचा पट्टा तो मार्ग तोडतो. खिशाच्या आतल्या कापडाला २ सेंमीची चीर द्या, म्हणजे स्टायलसची धातूची नळी थेट तळहाताला टेकेल. प्लॅस्टिकच्या नळीचा स्टायलस इथे कामाचा नाही. चीर दिल्यावर तिथली कातडी रोज पाहा, कारण भावाला टोचलेलं कळणार नाही.

मोबाइल पलंगाला किंवा चाकाच्या खुर्चीला क्लॅम्पनं तिरका बसवा. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी उघडून ‘टच अँड होल्ड डिले’ लाँग करा, म्हणजे बोट रेंगाळलं तरी नको ते मेनू उघडत नाहीत. अ‍ॅक्सेसिबिलिटी मेनू चालू केला की आवाज आणि लॉकची मोठी बटणं पडद्यावर येतात. ओटीजी (चार्जिंगच्या जागी इतर साधनं जोडायची सोय) चालणाऱ्या फोनला माउस जोडता येतो. ‘ऑटोक्लिक’ लावलं की बाण थांबेल तिथे आपोआप क्लिक होतं. लिहिण्यासाठी जीबोर्डमध्ये (गूगलच्या कीबोर्डमध्ये) मराठी भाषा घेऊन माइक वापरा. यूपीआयचा पिन मात्र बोलून नको, स्टायलसनंच.

याहून महत्त्वाचं आता सांगतो. मनगट वर उचललं की भावाची बोटं आपोआप थोडी मिटतात का? मिटत असतील तर ती पकड जपा. पेला, कागद त्यातच धरता येतो. घरची माणसं मायेनं मनगट आणि बोटं एकदम सरळ ताणतात आणि ही पकड कायमची सैल होते. बोटं सरळ करताना मनगट खाली झुकलेलं हवं, बोटं मिटवताना वर उचललेलं.

प्रश्न : आईचा कुष्ठरोग बरा झाला, पण बोटं वाकडी आणि बधिर आहेत. स्वयंपाक करते. सरकारी मदत मिळते का?
— कंधार (जि. नांदेड)

उत्तर : मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत कुष्ठरोगमुक्त व्यक्ती येतात. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) ऑनलाइन अर्ज करा, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल आणि उत्पन्न मर्यादेत बसत असेल, तर दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत दैनंदिन कामाच्या साधनांचा संच मागा. तोवर तव्याजवळ लांब लाकडी दांड्याचे उलथने-पळ्या ठेवा, उतरवायला जाड कापडाचे हातमोजे वापरा आणि रोज रात्री तळहात उजेडात पाहा. फोड दुखत नाही म्हणून तो कळतच नाही, आणि तसंच काम करत राहिलं की तो चिघळतो.