परवान्याचं पिस्तूल जवळ असताना हल्ला झाला तर आधी गोळी झाडावी की आडोसा गाठावा?

तुम्ही शेतातल्या घरात राहता आणि परवान्याचं पिस्तूल बाळगता, असं लिहिलंय. मी पायदळात नोकरी केली आहे. माझं उत्तर: आधी जागा सोडा.

पिस्तूल काढून नेम धरायला वाटतो त्याहून जास्त वेळ लागतो. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातल्या डेनिस टुलर यांनी १९८३ साली मांडलं की चाकू घेतलेला माणूस २१ फुटांवरून दीड सेकंदात अंगावर येतो. सराव असलेल्या पोलिसालाही हत्यार काढून झाडायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणून बाजूला सरका आणि मध्ये काहीतरी येऊ द्या: ट्रॅक्टर, बाज, जे असेल ते. उलट्या पावली मागे जाऊ नका. पाठीमागचं दिसत नाही, पाय अडखळतो, आणि समोरचा सरळ धावत येत असतो.

हल्लेखोराकडे बंदूक असेल तर नजरेआड होणं आणि गोळीपासून वाचणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ऊस, पडदा, फ्लश दरवाजा, सोफा, कपाट यांच्यामागे माणूस दिसत नाही, पण गोळी आरपार जाते. मातीचा जाड बांध, विहिरीचा दगडी कठडा, आरसीसी कॉलम, नऊ इंची भिंत यांवर भरवसा ठेवता येतो. साडेचार इंची भिंतीवर रायफलच्या लागोपाठ गोळ्या आल्या तर नाही. गाडीच्या दाराआड लपून लढणारा नायक पडद्यावरच शोभतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत करकरे, कामटे आणि साळसकर हे अधिकारी क्वालिस गाडीत असताना त्यांच्यावर एके-४७ चा मारा झाला. पत्रा काय अडवणार? आजही ते आठवलं की मन भरून येतं. गाडीचाच आधार घ्यायची वेळ आली तर इंजिन आणि पुढचं चाक तुमच्या आणि गोळीच्या मध्ये येईल असे बसा.

भिंतीला चिकटू नका, हातभर मागे राहा, कारण भिंतीवर आपटलेली गोळी आणि विटांचे तुकडे तिच्या कडेने येतात. वरून डोकं काढण्यापेक्षा बाजूने, थोडंसंच बघा. धावताना गोळी झाडू नका. नेम राहत नाही, आणि ती गोळी शेजारच्या वस्तीतल्या कुणाला लागली तर?

आडोसा निवडताना तिथून निघायची वाट आहे का, हे मी सगळ्यात आधी बघेन. भारतीय न्याय संहितेचं कलम ३७ सांगतं की बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करायचा हक्क नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर स्वतःच्या बचावाचा हक्कच उरत नाही. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातलीत तर आरोपी तुम्ही व्हाल. वाट दिसली की घरच्यांना घेऊन निघा, ११२ ला फोन करा, आपल्याजवळ पिस्तूल आहे हेही सांगा, आणि पोलीस आले की ते खाली ठेवून दोन्ही हात दिसू द्या.