जिना चढताना छाती भरून येते, ते पित्त नव्हे

प्रश्न : वय 34. सकाळी अनशेपोटी चाललं तर चालेल का?

चालेल, मधुमेह नसेल तर. ग्लासभर पाणी पिऊन निघा.

प्रश्न : वय 41, आजवर व्यायाम नाही. महिनाभरावर आलेल्या रथसप्तमीला 108 सूर्यनमस्कार घालता येतील?

नका घालू. आज चार घाला, तेही सावकाश, आणि दर आठवड्याला दोन वाढवा. रथसप्तमीला बारा होतील, तेवढे पुरेत. सवय नसताना शंभरी गाठली की आधी मनगटं आणि खांदे बोलतात, मग कंबर. अंग दोन-तीन दिवस आखडणं साहजिक आहे. पण लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर स्नायूंची मोडतोड होऊन त्यातलं द्रव्य मूत्रपिंडांवर ताण देत असू शकतं. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : पोटाला घामाचा पट्टा बांधून चाललं की दीड किलो कमी भरतं. पट्टा चांगला ना?

कमी झालं ते पाणी. दोन तांबे प्यायलात की परत आलं. पट्टा विकणारा हे सांगत नाही.

प्रश्न : वय 53, रक्तदाबाची गोळी चालू. चढावर छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, थांबलो की दोन मिनिटांत जातं. मित्र म्हणतात पित्त आहे, सोडा घे. सवयीने जाईल का?

चालणं आजपासून बंद, आणि उद्या सकाळी डॉक्टरांकडे. हे पत्र दर महिन्याला येतं आणि दर वेळी त्यात कुणीतरी सोडा सुचवलेला असतो. पित्ताची जळजळ जेवणानंतर, आडवं पडल्यावर वाढते. तिला चढ आणि सपाट रस्ता यांतला फरक कळत नाही. श्रमाने येणारं आणि थांबल्यावर जाणारं दडपण हृदयाला रक्त कमी पडत असल्याची खूण असू शकते. ते जबड्यात, डाव्या हातात, पाठीतही जाणवतं. बायकांना आणि मधुमेहींना कधी छातीत काहीच होत नाही, नुसती धाप लागते. पडल्यापडल्या काढलेला ईसीजी चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नका. त्रास श्रमात होतो, त्यामुळे पुढची तपासणी कोणती ते डॉक्टर ठरवतील. त्यांना नेमकं सांगा : किती पायऱ्यांवर येतं, किती मिनिटं टिकतं, आधीपेक्षा लवकर येतं का. बसल्याजागी दुखू लागलं, सोबत घाम फुटला, तर वाट न पाहता 108 ला फोन करा. ‘लग्न आटोपलं की दाखवतो’ असं म्हणू नका.

प्रश्न : मधुमेहाची गोळी घेते. संध्याकाळी चालून आलं की हातपाय थरथरतात.

साखर उतरत असावी. तेव्हाच ग्लुकोमीटरवर पाहा. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. ते आकडे घेऊन डॉक्टरांना भेटा. गोळी आपल्या मनाने कमी करू नका.

प्रश्न : वय 60, गुडघे दुखतात. चालणं सोडू का?

सोडू नका, आधी मांड्यांना बळ द्या. भिंतीला टेकवलेल्या न हलणाऱ्या खुर्चीवरून हात न टेकता उठा, तीन मोजत सावकाश बसा. दहा वेळा, एक दिवसाआड. श्वास रोखू नका, त्याने रक्तदाब चढतो. चालणं दहा मिनिटांपासून. बोलता यावं पण गाता येऊ नये, एवढाच वेग. गुडघा सुजला किंवा अडकू लागला तर फिजिओथेरपिस्टना दाखवा.