लेकीच्या हातावर फिकट पट्टा : कोड तर नाही ना?

इंदूरच्या सुदामा नगरातली एक आई पाच वर्षांच्या लेकीला घेऊन आली. बाहेर मे महिन्याचं ऊन मी म्हणत होतं आणि पोरीच्या अंगात पूर्ण बाह्यांचा फ्रॉक. नाव विचारलं, तर तिनं आधी बाही मनगटापर्यंत ओढून घेतली, मग नाव सांगितलं. मला तिथेच गलबललं.

"ताई, कोड आहे का हो? सासूबाई म्हणतात, शिकरण खाऊ घातलीस म्हणून झालं."

त्वचारोगतज्ज्ञांनी निदान केलेलं होतं: लायकेन स्ट्रायटस, म्हणजे लहान मुलांना होणारं, पट्ट्यासारखं उठणारं पुरळ. औषध नको, आपोआप जाईल. पण घरात रोज बोल लावला जात असेल, तर एवढ्यानं आईच्या जिवाची घालमेल थांबत नाही.

आम्ही बाही वर केली. दोन-तीन मिलिमीटरच्या चपट्या पुटकुळ्या, खांद्यापासून कोपराखालपर्यंत एका पट्ट्यात उतरलेल्या. खाज नाही, दुखणं नाही. सावळ्या कातडीवर हा पट्टा फिकट दिसतो, म्हणून कोडाची शंका येते. कोडात रंग पांढराशुभ्र होतो आणि कातडी सपाटच राहते. मी आईला त्यावरून बोट फिरवायला लावलं. बारीक खरखर लागली, तशी ती पहिल्यांदा नीट श्वास घेऊन बसली.

पुरळ एका रेघेत का उठतं? अशा रेषा जर्मन डॉक्टर ब्लाश्को यांनी १९०१ साली नोंदल्या. गर्भात त्वचेच्या पेशी ज्या वाटांनी पसरतात, त्याच या, असं आज मानतात. शिकरणीशी याचा काही संबंध नाही आणि एकाचं दुसऱ्याला होतही नाही. बहुधा वर्षभरात मावळतं, कधी दोन-तीन वर्षंही लागतात. फिकट खूण त्यानंतरही रेंगाळते. हे मी मुद्दाम आधीच सांगते, नाहीतर पुरळ बसल्यावर खूण पाहून पुन्हा धास्ती घेतात.

पुढच्या वेळी आजींनाही बोलावलं. त्यांच्या मनात नातीच्या लग्नाची काळजी होती. त्यांना स्पष्ट सांगितलं, "आजी, कोड असतं तरी पोरीला झाकून ठेवायचं कारण नव्हतं. कुणी विचारलं तर तिला म्हणू द्या, 'पुरळ आहे, जाईल.'" पट्टा बधिर वाटला, कातडी कडक झाली किंवा दुसरीकडेही उठलं, तर मात्र पुन्हा डॉक्टरांकडे जायचं.

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "खोबरेल लावलं तर चालेल?"

"कोरडं वाटलं तर हलक्या हातानं लावा. चोळू नका."