टेक्सासमध्ये लोक कमरेला उघड पिस्तूल लावतात, हे सहा वर्षांच्या मुलाला कसं समजवायचं? त्यावर मुलांची पुस्तकं आहेत का?

जुलैत तुम्ही डॅलसला येताय आणि मुलगा पहिलीत जाणार, असं प्रश्नात लिहिलंय. आम्ही डॅलसच्या उत्तरेला अकरा वर्षं राहतोय, मुलगी नऊ वर्षांची आहे. तेव्हा अनुभवाचं सांगतो.

आधी धास्ती कमी करा. इथे परवानाधारकांना पिस्तूल उघड लावायची मुभा १ जानेवारी २०१६ पासून मिळाली आणि सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना परवानाही लागत नाही. तरी मला महिन्याकाठी असा एखादाच माणूस दिसतो. पाट्या मात्र ढीगभर. दुकानाच्या काचेवर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये टेक्सासच्या दंडसंहितेचं कलम ३०.०७, म्हणजे उघड पिस्तूल लावून आत यायचं नाही. दारूवरच मुख्य कमाई असलेल्या ठिकाणी लाल अक्षरांत '५१%', तिथे तर बंदूक आणणं गुन्हाच. लेक नुकती वाचायला लागली होती, तेव्हा तिने दारातच विचारलं, "बाबा, उरलेले ४९ कुठे गेले?" मुलांचे प्रश्न असे येतात, आपण तयारी भलत्याच प्रश्नाची करतो.

पुस्तकं आहेत. 'माय पेरेंट्स ओपन कॅरी' हे मिशिगनमधल्या उघड शस्त्र बाळगण्याच्या चळवळीतल्या दोघांनी लिहिलंय. १३ वर्षांची ब्रेना शनिवारची कामं उरकायला आईबाबांबरोबर बाहेर पडते, दोघांच्या कमरेला पिस्तूल. २०१४ मध्ये त्यावरून देशभर टिंगल झाली. माझ्या मते ते गोष्टीचं पुस्तक नाहीच, चित्रं घातलेलं प्रचारपत्रक आहे. दुसरं टोक डॅलसचंच: मे २०२३ मध्ये इथल्या सरकारी शाळांनी लहान मुलांच्या दप्तरातून विनी द पूचं पुस्तक घरी पाठवलं. धोका आला तर पळा, लपा, लढा, हे अस्वल शिकवतंय! सोबत पालकांसाठी चार ओळींची चिठ्ठीसुद्धा नव्हती. टेक्सासमधल्याच उवाल्डे गावच्या शाळेतल्या गोळीबाराला तेव्हा जेमतेम वर्ष होत होतं.

त्यातल्या त्यात कामाचा म्हणजे नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या संघटनेचा १९८८ पासूनचा 'एडी ईगल', मुलांना बंदुकीपासून जपायला शिकवणारा चित्रातला गरुड: थांब, हात लावू नकोस, तिथून पळ, मोठ्यांना सांग. मुलं हे पाठ करतात. पण प्रयोगांत असं दिसलंय की घडाघडा म्हणून दाखवणारी मुलंही पिस्तूल समोर आलं की अनेकदा हात लावतातच. आपल्याकडे नाही का, 'विस्तवाशी खेळू नये' म्हणत म्हणत पोरं फुलबाजी तोंडाशी नेतात.

फुलबाजीवरून आठवलं. दिवाळीचं टिकल्यांचं पिस्तूल सामानात आणू नका. २०१४ मध्ये ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडच्या बागेत तामीर राइस हा १२ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा खेळण्यातलं पिस्तूल घेऊन फिरत होता. पोलीस आले आणि दोन-तीन सेकंदांत त्याला गोळी घातली. ओहायोतही मोठ्यांना पिस्तूल उघड बाळगायला कायद्याने मुभाच होती. कोणाच्या हातात काय चालतं, हे इथे नुसत्या कायद्याने ठरत नाही.

मुलाला मी एवढंच सांगेन: काही लोक लावतात, आपण लावत नाही, टक लावून बघायचं नाही, हात तर अजिबात नाही. कमरेवरचं दिसतं तरी. मला काळजी असते ती मित्राच्या घरी खणात पडलेल्या पिस्तुलाची. म्हणून खेळायला पाठवण्याआधी विचारायचं, "तुमच्याकडे बंदूक आहे का? कुलपात असते ना? गोळ्या वेगळ्या ठेवता?"

पहिल्यांदा विचारताना माझी जीभ अडखळली. आपल्या संस्कारात हे म्हणजे यजमानाला "तुमचं पाणी स्वच्छ आहे ना?" विचारण्यासारखं. समोरचा बाप चिडला नाही. आत नेऊन त्याने तिजोरी दाखवली, हँडल ओढून बंद असल्याची खात्री करून दिली आणि वर मलाच विचारलं, "तुमच्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना?"